विहिरीवरच्या जांभळाची परांची

दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "बागेतले रम्य दिवस, असं काहीतरी लिहा ना!" मी म्हटलं, बाई, रम्य दिवस बागेच्या मालकाचे असतात. तो रविवारी गाडीतून येतो, झाडाखाली खुर्ची टाकतो, फोटो काढतो आणि जातो. बाग सांभाळणाऱ्याचे दिवस भीतीचे असतात. त्यावर लिहू का? त्या म्हणाल्या, "बरं, लिहा." तेव्हा आता तक्रार करायची नाही.

मी सोळा वर्षं आंबिवलीजवळच्या एका जांभळाच्या बागेची व्यवस्थापक होते. कळव्याला आमच्या सोसायटीत हे सांगितलं की लोक आधी हसायचे. "जांभळाची बाग? अहो, जांभळं तर रस्त्याकडेला पडलेली असतात!" असतात ना. पण पडलेली असतात, हाच तर सगळा घोळ आहे. पडलेलं जांभूळ फुटतं, त्याला माती लागते, थोड्याच वेळात ते आंबतं. विकायचं जांभूळ एकेक करून हाताने तोडावं लागतं, तेही पुरतं पिकल्यावर. आंब्यासारखी अढी घालून बसता येत नाही. म्हणजे मे-जूनचे चार-पाच आठवडे रोज माणसं वर चढवायची. आणि चढवायची कुठे? तर जांभळावर!

बाहेरच्या माणसाला इथे एक गोष्ट सांगायला हवी. जांभळाची फांदी दगाबाज असते. आंब्याची फांदी मोडायच्या आधी वाकते, करकरते, माणसाला उतरायला जरा वेळ देते. जांभळाची फांदी हिरवीगार, मांडीएवढी जाड दिसते, आणि कट् म्हणून खाली येते. माझ्या आधीच्या व्यवस्थापकांच्या काळात एक माणूस असाच गेला होता. मालकांनी मला नोकरीवर घेताना हे सांगितलं नाही. मालक ठाण्यातले दातांचे डॉक्टर, दुखणारं आधी सांगायचं नाही ही त्यांची सवयच असणार. मला ते तिसऱ्या दिवशी हिरामणदादांनी सांगितलं, त्या झाडाकडे बोट दाखवून. वर म्हणाले, "आता तू आलीस, बाय. बघ कसं काय ता."

हिरामणदादा म्हणजे आमच्या तोडणीचे पुढारी. बागेला लागून आगऱ्यांची बारा घरं होती. त्यांची भातशेती केव्हाच टॉवरखाली गेलेली, त्यामुळे उन्हाळ्यात सगळी मदार या तोडणीवर. दादा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, अंगाने किडकिडीत, बोलणं मोजकं. झाडाला झार म्हणायचे आणि मला बाय. त्यांची बायको अनुबाय दोघांच्या वाटणीचं एकटी बोलायची. सकाळी तोडलेली जांभळं घेऊन ती कल्याणच्या बाजारात बसायची. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की म्हणायची, "वर चढून बघ, मंग भाव कर!"

आमच्याकडे फांदीवर पाय द्यायचाच नाही, अशी पद्धत. झाडाभोवती बांबूची परांची उभी करायची. बिल्डिंगला रंग देताना बांधतात तशीच, पण चारी बाजूंनी. बांबू काथ्याने बांधायचे, काथ्या आधी भिजवून घ्यायचा म्हणजे गाठ नीट बसते. त्या परांचीवर उभं राहायचं, आकडीने डहाळी जवळ ओढायची आणि फळं करंडीत टाकायची. परांची झाडाला मात्र कुठेही बांधायची नाही. तिने आपल्या पायांवर उभं राहायचं. दुसरा नियम असा की ज्याने परांची बांधली त्यानेच पहिल्यांदा चढायचं आणि पहिली करंडी त्यानेच खाली आणायची. मग बाकीच्यांनी पाय ठेवायचा. आणि तिसरा नियम दादांनी मला एकदाच सांगितला. हंगामात वरून कोणी पडलं, तर त्या हंगामात बारा घरांतलं कोणीही बागेत चढणार नाही. फळ झाडावर सडलं तरी चालेल.

आता मी स्वभावाने कशी, तेही सांगून टाकते. भित्री. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत मी कपडे वाळत घालते ते अंग मागे ठेवून आणि हात लांब करून. साताऱ्याकडे शेतकी पदविका केली, लग्न होऊन कळव्याला आले, आधी एका रोपवाटिकेत होते. तिथे सगळ्यात उंच झाड माझ्या कमरेएवढं! आणि इथे साठेक झाडं, त्यातली कितीतरी मालकांच्या आजोबांनी लावलेली, मान दुखेपर्यंत वर बघायला लागायचं. पहिल्या हंगामात मी रोज सकाळी एकच मागणं मागायचे की आज कोणी पडू नये. सोळा वर्षांत ते मागणं बदललं नाही. खत, पाणी, छाटणी हे सगळं मी केलं आणि चांगलं केलं, पण माझी खरी नोकरी तेवढीच होती.

भीतीचंही वर्षाचं वेळापत्रक असायचं. पावसाळ्यात सापांची. गवत कमरेपर्यंत वाढायचं आणि वाळक्या फांद्या काढायला त्यातूनच जावं लागायचं. मी हातात काठी घेऊन, जमिनीवर आपटत, "चला, बाजूला व्हा" असं मोठ्याने म्हणत चालायचे. माणसं हसायची. हसू देत, मला कधी साप चावला नाही. थंडी सरताना नवी पालवी, मग फुलोरा, की धुक्याची भीती सुरू. धुकं बसलं की मोहोर काळा पडतो. त्यात मधमाश्या दिसल्या नाहीत तर माझा जीव टांगणीला. मी झाडाखाली उभी राहून गुणगुण ऐकायचे. ऐकू आली तर दोन घास जास्त जायचे.

मार्चमध्ये आगीची भीती. एकदा पलीकडच्या टॉवरच्या हॉलमध्ये लग्न होतं. वरातीत कोणीतरी आतषबाजी केली आणि एक बाण आमच्या वाळल्या गवतात येऊन पडला. भरदुपारी! मी पाण्याचा पाइप शोधत होते आणि तो माझ्याच हातात होता. अनुबायने गोणपाट भिजवून गवत झोडपून काढलं, दादांनी आणि बाकीच्यांनी पुढचं गवत कापून आग अडवली. सहा झाडांची साल भाजली. सगळं विझल्यावर फेटा बांधलेले एक गृहस्थ कुंपणाशी आले आणि म्हणाले, "ताई, आमचा एक बाण इकडे आला का?" मी त्यांना जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

गिऱ्हाइकंही भीतीपोटीच यायची. निम्मी साखरवाली. डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला की लोकांना जांभूळ आठवतं. डोंबिवलीचे एक काका दर आठवड्याला बियांसाठी यायचे. बिया वाळवून, कुटून, चूर्ण करून घ्यायचे. बिया मोजून घ्यायचे आणि जाताना मूठभर जांभळंही तोंडात टाकायचे. एकदा त्यांच्या पिशवीत मी मिठाईचा खोका बघितला. म्हटलं, "काका, हे काय?" तर म्हणाले, "अहो, चूर्ण आहे ना आता!" एवढा निर्धास्त माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा.

तर बारा वर्षं अशी गेली, कोणी पडलं नाही. याचा मला अभिमान होता, कशाला खोटं बोलू? आणि तेराव्या हंगामाच्या आधी मला दिसलं की हिरामणदादा विहिरीचा उतार तिरके तिरके उतरताहेत. उजवा गुडघा सुजला होता. विचारलं तर म्हणाले, "काय नाय, थंडीचा धरलाय." एप्रिलमध्ये कसली आलीय थंडी! तेव्हापासून माझी झोप उडाली. डोळे मिटले की दादा परांचीवर, आणि गुडघा दगा देतोय. शेवटी मी त्यांना सांगितलं, "दादा, या वर्षी तुम्ही बांधायचं नाही आणि चढायचं नाही. खाली उभं राहून बाकीच्यांना सांगा."

"बाकीचं बांबू देतात हातात," ते म्हणाले. "बांधलं नाय कोनी. मंग बांधल कोन?"

"मी करते व्यवस्था."

त्यांनी टोपी डोक्यावर नीट केली आणि निघून गेले. त्यांना लागलं होतं हे मला कळत होतं. पण भित्र्या माणसाला दुसऱ्याचं लागणं नंतर सुचतं.

व्यवस्था म्हणजे काय, तर कल्याणला जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगांना परांच्या बांधलेल्या. वीस-वीस मजले. मी मनात म्हटलं, वीस मजले बांधणाऱ्यांना माझं झाड म्हणजे काय! शंभू नावाचा मुकादम गाठला. आधी एकच झाड करून बघायचं ठरवलं, विहिरीवरचं, सगळ्यात मोठं. शंभू चार माणसं घेऊन आला. दुपारपर्यंत परांची उभी, सफाईदार काम. मग त्याने विचारलं, "मॅडम, सपोर्ट कहाँ लेना है? बिल्डिंग में तो ग्रिल को बाँधते हैं."

नियम मला ठाऊक होता. बारा वर्षं मी तो डोळ्यांनी बघत होते. पण दादांची परांची मला नेहमी डुगडुगतेय असं वाटायचं. दरवर्षी मनात यायचं की अरे, जरा झाडाला बांधली असती तर किती पक्की झाली असती! त्या दिवशी अडवणारं कोणी नव्हतं, विचारणारा शंभू आणि सांगणारी मी. मी वर बोट करून चार जाड फांद्या दाखवल्या. म्हटलं, "इथे, इथे, इथे आणि तिथे. घट्ट बांधा." शंभूने सांगितलं तसं केलं. त्याची यात काहीही चूक नाही.

ती माणसं गेल्यावर चारच्या सुमारास हिरामणदादा आले. बाकीची तोडणीवाली उद्या सकाळी येणार होती. अनुबाय कल्याणला बाजारहाटाला गेली होती. बागेत आम्ही दोघंच. दादांनी परांचीभोवती एक फेरी मारली, वर बघितलं.

"झाराला बांधलीस?"

"मजबुतीसाठी."

"झार हालतं, बाय."

मी एक बांबू धरून गदागदा हलवला. "बघा, जरा तरी हलतेय का?"

"आता नाय हालत. आता वारा नाय." मग त्यांनी विचारलं, "बांधली कोनी?"

"शंभूच्या माणसांनी."

"ती कुठं हायत?"

"गेली."

"मंग उद्या पयलं कोन चढल?"

दादा मला टोचून बोलले असते तर बरं झालं असतं. नुसते परांचीकडे बघत राहिले आणि माझं डोकं फिरलं. मी चप्पल काढली, ओढणी कमरेला बांधली आणि म्हटलं, "मीच बांधून घेतलीय ना? मग मी चढते!"

"राहू दे, बाय."

"नाही, आता बघाच तुम्ही!"

छप्पन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, मी परांचीवर चढले. पहिला थर रागात पार झाला. दुसऱ्या थरावर राग संपला. तिसऱ्यावर खाली न बघता, चाचपडत पोचले. आडव्या बांबूवर पाय, उभ्या बांबूला मिठी. तिथून नदी दिसली, टॉवरच्या खिडक्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मला क्षणभर वाटलं, जमलं की! मी खाली बघून काहीतरी फुशारकी मारणार होते.

तेवढ्यात नदीकडून वारा आला. मे अखेरीस संध्याकाळी येतो तसाच, धूळ घेऊन. आधी शेंडा हलला. मग त्या चार फांद्या हलल्या आणि त्यांच्याबरोबर माझ्या पायाखालचं सगळं हललं. बिल्डिंग वाऱ्याने हलत नाही. झाड हलतं. झाड परांचीला ओढत होतं आणि सोडत होतं. खालचे बांबू खड्ड्यांतून वर उचलले जाऊन परत बसत होते, तो धपधप आवाज मला अजून ऐकू येतो. मी डोळे घट्ट मिटून बांबूला चिकटून राहिले आणि मनात एकच, मी आता पडणार.

"बाय, खाली बस! फांदी धरू नको, बांबू धर!" दादा खालून ओरडत होते. मला बसता येईना. हात सुटेनात.

आणि मग परांची निराळीच हलली. डोळे उघडून बघते तर दादा वर येताहेत, कमरेला कोयता, उजवा पाय न वाकवता ओढत. मी "नको, नको" म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या फांदीचा काथ्या कापला. वाकून दुसऱ्या फांदीचा कापला. परांचीभोवती फिरून तिसऱ्या फांदीचा कापला. चौथी फांदी सगळ्यात जाड, माझ्या डोक्याच्या बाजूला. तिथला काथ्या दोन घावांत तुटला आणि दादा कोयता कमरेला लावताहेत तोवर ती फांदी कट् म्हणून गेली. माझ्या खांद्याला पानं घासली. फांदी खाली विहिरीच्या फरशीवर आपटली. ती परांचीला बांधलेली असती, तर आम्हा दोघांना घेऊनच गेली असती. सुटी झालेली परांची मात्र वाऱ्यात कुरकुरत, पण आपल्या पायांवर उभी राहिली.

दादांनी मला उतरवलं. ते माझ्या खाली राहून एकेक पाय हाताने धरून बांबूवर ठेवत होते. "डावा. आता उजवा. दम खा. आता डावा." पहिल्या थरापर्यंत आलो तेव्हा ते बाजूला सरकले आणि मला पुढे जाऊ दिलं. मी जमिनीवर पाय टेकवला आणि मागे वळून बघितलं. दादांनी उजव्या पायावर भार दिला आणि गुडघा निसटला. पहिल्या थरावरून, दोन पुरुष उंचीवरून, ते फरशीवर पडले.

मी धावले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि पाय विचित्र वळला होता. मी फोन काढला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाय, झारावरनं बोलू नको. परांचीवरनं पन नाय."

"म्हणजे?"

"बारा घरं हायत. उद्यापासून कोन चढनार नाय. पायरीवरनं घसरला, असं बोल. पिऊन आलेला आन विहिरीच्या पायरीवरनं घसरला."

दादा पूर्वी प्यायचे. त्या दिवसाच्या नऊ वर्षं आधी अनुबायने त्यांना एकविरेच्या डोंगरावर नेलं, देवीसमोर शपथ घ्यायला लावली आणि त्यानंतर त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता. हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं आणि मलाही. मी "नाही" म्हणायला हवं होतं. मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "पण वास नको का यायला?" माझं डोकं इतक्या पटकन त्या खोट्याच्या मागे लागलं होतं. दादा त्या अवस्थेत हसले.

"माज्या नावाला हाय वास," म्हणाले.

आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला. कोणी एक प्रश्न विचारला नाही. कल्याणला ऑपरेशन होऊन खुब्यात सळई बसली. दुसऱ्या दिवशी तोडणीवाले आले, मोडलेली फांदी वाऱ्याच्या नावावर गेली आणि परांची झाडाला बांधलेली नाही हे बघून कोणाला काही वाटलं नाही. दादांच्या पुतण्याने गाठी पुन्हा आवळल्या, तोच पहिला चढला, बाकीच्या परांच्याही दादांना विचारून त्यानेच बांधल्या आणि हंगाम पार पडला. बारा घरांना फळ मिळालं. मालक म्हणाले, "बिल्डिंगवाल्यांची आयडिया मस्त होती तुमची, पुढच्या वर्षी सगळीच झाडं तशी करू या." मी काहीबाही कारणं सांगून ते टाळलं. खरं कारण सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी माझा निरोप समारंभ झाला तेव्हा मालकांनी शाल घालताना भाषण केलं, "मॅडमच्या काळात बागेत एकही माणूस पडला नाही." टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

दर दिवाळीला मी दादांकडे फराळ घेऊन जायचे. दादा काठी टेकत ओट्यावर यायचे. अनुबायचा पट्टा सुरू असायचा. "नऊ वर्स सोडलेली आन एका दिसात माती खाल्लीन! आईच्या पायावर हात ठेवून बोललेला, बाय, तुला सांगते!" शपथ मोडली त्याचा दोष घरावर येऊ नये म्हणून ती दर चैत्रात अनवाणी एकविरेला जायची आणि नवऱ्याच्या वतीने माफी मागायची. हेही तिनेच मला सांगितलेलं. दादा अंगणाकडे बघत राहायचे. मी करंजी मोडत बसायचे. सांगावंसं वाटायचं, दर वर्षी वाटायचं, आणि दर वर्षी मी घाबरायचे. सापाला, आगीला, उंचीला घाबरले त्यापेक्षा जास्त मी त्या बाईच्या तोंडाकडे बघायला घाबरले.

यंदा मे महिन्यात बागेचा नवा व्यवस्थापक तेजस, त्याचा फोन आला. हुशार आणि नम्र मुलगा, शेतकी पदवीधर. "मॅडम, एक विचारायचं होतं. तुमच्या वेळेस बिल्डिंगवाल्यांकडून परांची बांधून घेतलेली ना? मालक सांगत होते, एकदम परफेक्ट झालेली. आम्ही पण तेच केलंय, चाळीस झाडांना. उद्या सकाळी माणसं चढतील. काही टिप्स असतील तर सांगा."

"झाडाला बांधलीय?" मी विचारलं.

"हो तर! तोडणीवाले जरा कुरकुरले, पण मालकांनी समजावलं. पक्की एकदम."

"कोणाला चढवू नकोस," मी म्हटलं. "मी येईपर्यंत एकालाही पाय ठेवू देऊ नकोस, कळलं का?" तो घाबरून "हो मॅडम" म्हणाला. फोनवर कारण सांगून भागलं असतं. त्याने काथ्या कापून घेतला असता. पण मग पुढच्या वर्षी दुसरा कोणी आला असता, आणि त्याला मालकांनी सांगितलं असतं की मॅडमच्या वेळेस मस्त झालेलं.

सकाळी मी विहिरीवर पोचले तेव्हा सगळे जमले होते. तेजस, तोडणीवाले, बायका. अनुबायचं आता बाजारात जाणं होत नाही, ती झाडाखाली करंड्यांना पाला लावत बसली होती. मला बघून हसली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कोणी बांधायला लावली, कोणी काथ्या कापला, कोण कुठून पडलं आणि कोण काय खोटं बोललं. दादांचा पुतण्या ऐकता ऐकताच कोयता घेऊन पहिल्या परांचीकडे गेला. एकेक करून सगळे उठले आणि फांद्यांचे काथ्ये कापायला लागले. माझं काम झालं होतं. कोणी पडणार नव्हतं.

अनुबाय उठली, हाताचा पाला झटकला आणि घराकडे चालू लागली. मी तिच्या मागे गेले. नाही गेले असते तर पुन्हा कधीच गेले नसते.

दादा ओट्यावर बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"विहिरीवर बाय सगळ्यांना सांगते. तू प्यायला नव्हतास. परांचीवरनं उतरताना पडलास. खरं हाय?"

दादांनी आधी माझ्याकडे बघितलं. "झालं ता झालं."

"मी इचारते, खरं हाय?"

"हाय."

मला वाटलं, आता ती त्यांच्यावर तुटून पडेल. ती माझ्याकडे वळली. तिला इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"मी याला बेवडा बोलायची तवा तू इथंच बसलेली असायचीस."

"हो."

"मी आईच्या पायऱ्या चढायची ता पन तुला ठावं होतं."

"होतं."

"सात वर्स."

मी तिची माफी मागितली. सगळ्या शब्दांत मागितली, रडले. तिने ऐकून घेतलं आणि ती आत गेली. दादा म्हणाले, "बस ना, बाय." मला बसवेना. आत भांड्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने ती चहा घेऊन बाहेर आली. दोनच कप होते. एक तिने दादांच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन त्यांच्या शेजारी बसली, अगदी लागून. दादा अवघडले. त्यांनी आपला कप माझ्यापुढे धरला. अनुबायने त्यांचा हात धरला आणि कप परत त्यांच्या तोंडाशी नेला.

"तू पी," ती म्हणाली.